ग्रीन कार्डचा अर्ज सुरू आहे, नातवंडाला बघायला जाऊ का?

प्रश्न : मी ६४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, सांगलीत एकटी राहते. मुलगा न्यू जर्सीत आहे, आता तिथला नागरिक झालाय. त्याने माझ्या ग्रीन कार्डसाठी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा पहिला अर्ज भरला, त्याची पावती आली आहे. माझ्याकडे १० वर्षांचा टूरिस्ट व्हिसा आहे, एकदा जाऊनही आले. सून डिसेंबरात बाळंत होईल. एजंट सांगतो, ‘विमानतळावर अर्जाचं बोलूच नका.’ मुलगा म्हणतो, ‘आई, तू ये तर खरी, पुढचं इथूनच करू.’ काय करावं?

उत्तर : ताई, जरूर जा. आय-१३० भरल्यामुळे तुमचा टूरिस्ट व्हिसा रद्द होत नाही आणि जायला कायद्याची आडकाठीही नाही. पण त्या एजंटाचं मुळीच ऐकू नका. अर्जाची नोंद त्यांच्या सरकारदरबारीच आहे. विचारल्यावर ‘नाही’ म्हणालात आणि ते खोटं ठरलं, तर व्हिसा तर जाईलच, शिवाय कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. मग ग्रीन कार्डच अडतं.

तिथला कायदा टूरिस्ट म्हणून येणाऱ्याकडे ‘हा राहायलाच आलाय’ असं धरूनच बघतो. परत जाणार हे आपण पटवून द्यायचं. तुमचा अर्ज असल्याने ते जरा जास्त पटवावं लागेल, एवढाच फरक.

माझ्या आईचं सांगते. भावाने तिचा अर्ज भरलेला, आणि ती नोव्हेंबरात त्याच्याकडे निघाली. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्यासाठी कुणी ग्रीन कार्डचा अर्ज केलाय का? आई म्हणाली, “हो, मुलाने. पण मी मार्चमध्ये परत जाणार, पाडव्याला घरी गुढी उभारायची असते.” आणि पर्समधून परतीचं तिकीट काढून समोर ठेवलं. तिला बाजूच्या खोलीत बसवलं. पेन्शनचं पासबुक, घरपट्टीची पावती, सगळं बघितलं. पाऊण तासाने सोडलं. बाहेर भाऊ घामाघूम झाला होता, आई मात्र शांत होती, कारण तिला काही लपवायचं नव्हतं. मार्चमध्ये ती खरंच परत आली.

तुम्हीही परतीचं तिकीट काढूनच निघा. पेन्शन, घर यांचे कागद हाताशी ठेवा. तरीही आत सोडायचं की नाही हे शेवटी तो अधिकारीच ठरवतो, परतही पाठवू शकतो. ही जोखीम थोडी का होईना आहे, ती मनात धरूनच तिकीट काढा.

आता मुलाचं. त्याची माया कळते हो मला, पण त्याला स्पष्ट सांगा. अमेरिकेत असताना आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागायची सोय नागरिकाच्या आईवडिलांना आहे, हे खरं. पण तोच बेत मनात धरून टूरिस्ट म्हणून आत शिरणं ही फसवणूक धरली जाते. शिवाय तो अर्ज भरल्यावर आगाऊ परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं, तर बहुतेकांचा अर्ज सोडून दिल्यासारखा समजतात. इथे कुणाचं बरंवाईट झालं तरी तुम्ही तिकडे अडकून पडाल. सांगलीत राहूनच अर्ज पुढे जाऊ दे. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते.

व्हिसा १० वर्षांचा असला तरी एका खेपेला बहुधा ६ महिनेच राहता येतं. कधीपर्यंत राहता येईल ती नेमकी तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते, पोचल्या दिवशीच मुलाकडून ती ऑनलाइन बघून घ्या. ती ओलांडून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून परतलात तर ३ वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं प्रवेशबंदी. सुनेचं बाळंतपण, मग बारसं, मग ‘अजून महिनाभर राहा ना’, असं करत दिवस कसे जातात ते मी पाहिलंय. तिकिटाची तारीख हलवू नका.

आणि हो, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला असले मूळ कागद सोबत नेऊ नका. इमिग्रंट व्हिसाची, म्हणजे कायम राहायला जाण्याच्या व्हिसाची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होईल, तेव्हा तेच लागतील. तोवर ते सांगलीच्या कपाटातच राहू द्या.