शाळेच्या वाचनालयातली ‘मोठ्यांची’ पुस्तकं मुलांच्या वयानुसार रोखावीत का?

सातवीतल्या मुलीने शाळेतून आणलेल्या कादंबरीत बलात्काराचं वर्णन निघालं, म्हणून नाशिकच्या शाळांनी वयाची अट घालावी का, असं तुम्ही विचारलंय. घालावी, पण देवघेवीपुरती, म्हणजे कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं एवढ्यापुरतीच. पुस्तक कुलपात गेलं की ते बारावीच्या मुलालाही मिळत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय सांगितलंय, वयाची वर्गवारी नाही. म्हणजे नियम शाळेनेच लिहायचा. पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी, अकरावी-बारावी असे तीन गट पुरतात. इयत्तावार चाळण लावली तर अर्धवेळ ग्रंथपालाला ती सांभाळणं जमत नाही.

गट ठरवताना विषय नव्हे, मांडणी बघा. मरण, दारुडा बाप, जातीवरून अपमान हे पाचवीच्या मुलालाही वाचू द्यावं. वर ढकलायचं ते लैंगिक हिंसेचं रंगवून केलेलं वर्णन आणि आत्महत्या कशी केली याचा तपशील. आत्महत्येच्या तपशिलात अनुकरणाचा धोका असतो. दलित आत्मकथनं मात्र निव्वळ शिव्यांमुळे वरच्या कप्प्यात जातात, हे मला साफ नामंजूर आहे. आठवीला ती खुशाल द्यावीत.

खूण कण्यावर रंगीत पट्टीने करू नका; मुलं नेमकी तीच पुस्तकं हुडकतात. दाखल नोंदवहीत (वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतात ती वही) शेऱ्याच्या रकान्यात आणि पुस्तकाच्या आत, तारखेच्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने गटाचा आकडा १, २ किंवा ३ लिहिला की झालं.

चुकीची पुस्तकं बहुतेक वेळा देणगीच्या गठ्ठ्यांतून शिरतात. कुणी घर आवरतं, पोतं शाळेत येतं आणि सगळ्याला सरसकट दाखल क्रमांक पडतात. क्रमांक देण्याआधी बालसाहित्य वेगळं काढा. उरलेल्या कादंबऱ्या आणि आत्मकथनं ग्रंथपाल व मराठीचे शिक्षक, दोघांनी पूर्ण वाचावीत. मागचं पान वाचून गट ठरवू नये.

खालच्या गटातल्या मुलाला वरचं पुस्तक हवं असेल तर पालकांची चिठ्ठी चालावी, त्या एका पुस्तकापुरती. पाळी, शरीर, नकोसा स्पर्श या विषयांच्या माहितीपर पुस्तकांना मात्र चिठ्ठी मागायची नाही, कारण त्रास देणारा माणूस कधी घरातलाच असतो. अशा वेळी मूल ग्रंथपालाजवळ काही बोललं, तर ते पोटात ठेवता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. ग्रंथपालाला हे आधीच सांगून ठेवावं.

तक्रार लेखी घ्यावी, पान क्रमांकासह, आणि तक्रारदाराने पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा एका पानाचा फोटो म्हणजे तक्रार नव्हे. निर्णय होईपर्यंत पुस्तक आपल्या गटात, कपाटातच राहील. नाहीतर पुस्तक ‘तपासणीसाठी’ जातं आणि परत येतच नाही.

तुमच्या हातातली कादंबरी तुम्ही स्वतः आधी संपवा, मग ती दोन नंबरला टाकायची की तीनला, हे लिहून मुख्याध्यापकांना द्या. मुलीची अर्धी वाचून झाली असेल तर हिसकावू नका. उरलेली तुमच्यासोबत वाचू द्या. शाळेने ती काढूनच टाकली, तर 1840 पासूनचं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच. तिथे असेल तर तुमच्या सभासदत्वावर घरी आणा.