आईची साधी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) वणीत झाली, आता नागपूरला कॉन्ट्रास्टवाली सांगितलीये. पुन्हा तेच कशाला?

तेच नाही, म्हणून जाऊन करून घ्या. स्तनाची घडण दाट असली की साध्या मॅमोग्राफीत गाठही पांढरी आणि भोवतालच्या ग्रंथीही पांढऱ्या. कापसाच्या गंजीत पांढरा मणी शोधल्यासारखं होतं. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या, पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या वाढवते. हाताच्या शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, तिथं जास्त उतरतं. साधारण २ मिनिटांनी कमी आणि जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांनी फोटो काढतात, संगणक त्यांतली नेहमीची घडण वजा करतो आणि औषध शोषलेला भागच उठून दिसतो. मी क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे, हे रोज बघतो. निघण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यातून कळतं) तपासून रिपोर्ट सोबत ठेवा, नाहीतर एवढ्या लांबून हात हलवत परत यावं लागतं. किडनीचा त्रास, आधी अशा इंजेक्शनची रिॲक्शन किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर तेही सांगा. मात्र गाठ चकाकली म्हणजे कर्करोगच असं नाही, कर्करोग नसलेली गाठ, म्हणजे साधा फायब्रोअ‍ॅडेनोमाही चकाकतो. पक्कं निदान बायोप्सीनंच, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होतं.