शेवाळाची पावडर आणि मुलीच्या फीची एफडी

प्रश्न : इंदापूर तालुक्यात माझी प्लास्टिकचा कागद टाकलेली दोन शेततळी आहेत. दोन्हींतून मिळून वर्षाला ९ टन चिलापी मासळी (गिफ्ट ही तिलापियाची सुधारित जात) निघते आणि तळ्यावरच ११० रुपये किलोने जाते. २८ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य ४८ रुपये किलोने घेतो. वर्षाला साडेतेरा टन लागतं, म्हणजे खाद्यावरच साडेसहा लाखांच्या आसपास जातात. एका कंपनीचा माणूस आला होता. त्यांची समुद्री शेवाळाची पावडर ३० रुपये किलो आहे आणि पाचवा हिस्सा खाद्य तिने बदलता येतं असं तो म्हणतो. १२ टन माल, ४० हजार अनामत आणि साडेतीन लाखांचं पेलेट मशीन असे साडेसात लाख भरले की तालुक्याची एजन्सी माझी. तयार मासे हमीभावाने परत घेण्याचीही त्यांची तयारी आहे. माझी ८ लाखांची ७ टक्क्यांची एफडी आहे, मोठ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी ठेवलेली. द्राक्षाला शेवाळाचा अर्क फवारतो, त्याचा गुण आलेला आहे. एफडी मोडू का?

उत्तर : नका मोडू. कंपनीवर अविश्वास दाखवण्याआधी तिचं म्हणणं शंभर टक्के खरं धरून हिशेब करू.

तुमच्या साडेतेरा टनांपैकी पाचवा हिस्सा म्हणजे २,७०० किलो. किलोमागे १८ रुपये वाचले तर वर्षाचे ४८,६०० रुपये. साडेसात लाखांवर ७ टक्क्यांनी एफडी वर्षाला ५२,५०० रुपये देते, तेही तळ्यात पाय न भिजवता. सगळं सुरळीत झालं तरी बचत व्याजाच्या खालीच राहते. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक अर्धा-एक टक्का कापेल ते वेगळं, आणि मशीनची झीज व वीजबिल मी अजून धरलेलंच नाही.

आता सगळं सुरळीत होईल का ते पाहू. समुद्री शेवाळ हे एकच पीक नव्हे. अल्वा हिरवं, सरगॅसम तपकिरी, ग्रॅसिलेरिया आणि कप्पाफायकस लाल. तामिळनाडूत रामनाथपुरमकडे, मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून वाढवतात ते बहुतांशी कप्पाफायकस. त्यातून कॅरॅजिनन हा दाटपणा आणणारा पदार्थ काढतात, प्रथिनं त्यात फारच कमी. अल्वात बरी असतात, पण तीही हंगामागणिक बदलतात. शिवाय सुक्या शेवाळात राख, म्हणजे मीठ आणि खनिजं, बऱ्याचदा २० ते ४० टक्के भरते. राख खाऊन मासा वजन धरत नाही. पावडरीत १० टक्के प्रथिनं आहेत असं उदारपणे मानलं, तरी तुमचं २८ टक्क्यांचं खाद्य मिसळल्यावर २४.४ टक्क्यांवर येतं.

सध्या तुम्ही दीड किलो खाद्यात एक किलो मासा काढता. मिश्रणाचा भाव ४४ रुपये ४० पैसे किलो पडेल. हेच प्रमाण १.६२ वर गेलं की सगळी बचत संपते आणि १.७ वर गेलं तर वर्षाला ३१ हजारांचा खड्डा पडतो. दीडचं १.७ व्हायला फार काही घडावं लागत नाही. चिलापी वनस्पतीही खाणारी आहे, त्यामुळे मांसाहारी माशांपेक्षा तिला शेवाळ जास्त झेपतं हे मान्य. पण शेवाळातली चिवट शर्करा तिलाही पुरती पचत नाही. खाद्यात ५ टक्क्यांपर्यंत शेवाळ सहसा चालून जातं. प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की अनेक प्रयोगांत माशांची वाढ मंदावलेली दिसली आहे. तुम्हाला २० सांगितलेत.

मशीनचं तर मला हसूच आलं. साध्या पेलेट मशीनची गोळी बुडते. तरंगती गोळी करायला एक्स्ट्रूडर, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने गोळी फुगवणारं यंत्र लागतं, आणि तुम्हाला सांगितलंय ते पेलेट मशीन. म्हणजे तुम्ही तरंगतं खाद्य विकत आणणार, दळणार, पावडर घालून पुन्हा गोळ्या पाडणार आणि त्या तळाशी जाणार. आज वर तरंगणारं खाद्य उरलेलं दिसलं की तुम्ही हात आखडता घेता. उद्या ते कागदावर कुजेल आणि पहाटे ऑक्सिजन उतरल्यावरच कळेल. एक अशी पहाट म्हणजे एका तळ्याचा माल.

पण खरा मुद्दा १२ टनांचा. तुम्हाला लागणार २,७०० किलो, उरलेले ९,३०० किलो कोण घेणार? साडेसात लाखांत तुम्ही खाद्यखर्च कमी करत नाही, खाद्याचं दुकान टाकताय. ते टाकायचं असेल तर जरूर टाका, पण मग प्रश्न वेगळे : तालुक्यात चिलापीवाले किती, उधारी किती दिवसांची, पावसाळ्यात माल ठेवायचा कुठे? ही पावडर ओल ओढते आणि बुरशी लागली की माशांना घालणंच धोक्याचं. माल न खपल्यास कंपनी परत घेईल का, हे कागदावर आहे का? हमीभावाने मासे घेण्याचं ऐकून मला २०१९ सालचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवलं. सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांचे पैसे ‘परत घेतो’ या दोन शब्दांत अडकले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुमचा मासा आज तळ्यावर रोखीने उठतोय. जी अडचण तुम्हाला नाहीच, तिच्यावरचा इलाज का विकत घ्यायचा?

द्राक्षाच्या अनुभवाबद्दल एवढंच. बागेत फवारता ते बहुधा थंड समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचं अर्क-द्रावण, आणि ते वेलीला चालना देण्यापुरतं, लिटरमागे थोडंसंच वापरतात. त्या अर्कावर वेल जगवायची असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. माशांच्या बाबतीतही शेवाळाची जागा तीच, चिमूटभर. तपकिरी शेवाळातल्या फ्युकॉइडन, लॅमिनारिन यांसारख्या घटकांनी माशांची प्रतिकारशक्ती वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पूरक म्हणून मला ही गोष्ट आवडते, आणि त्याचा हिशेबही वेगळा बसतो.

एका तळ्याचं खाद्य पावणेसात टन. त्याच्या ३ टक्के म्हणजे साधारण २०० किलो पावडर, खर्च ६,००० रुपये. नेहमीच्या खाद्यात काहीही कमी न करता, थोड्या माशाच्या तेलाने गोळीवर वरून चोळायची. मशीन नको. हे ६,००० वसूल व्हायला त्या तळ्यातून ५५ किलो मासा जादा निघाला की पुरे, म्हणजे साडेचार टनांवर सव्वा टक्का. मरतुक थोडी जरी घटली तरी एवढं निघू शकतं. निघेलच असं नाही, पण ६,००० रुपयांचा डाव मी तुम्हाला आनंदाने खेळू देईन.

पावडर एकाच तळ्याला घाला, पण दोन्ही तळ्यांत एकाच दिवशी, एकाच लॉटची, सारख्या संख्येची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा. दर पंधरवड्याला जाळं टाकून वजन घ्या, मेलेले मासे रोज वहीत मोजा. पुढच्या बॅचला पावडर दुसऱ्या तळ्याला घाला, नाहीतर पावडरचा गुण आणि तळ्याचा गुण यांत गल्लत होईल. पावडर घेण्याआधी प्रयोगशाळेतून प्रथिनं, राख, ओलावा आणि आर्सेनिक, कॅडमियम, शिसं तपासून घ्या. तपकिरी शेवाळ समुद्रातून आर्सेनिक साठवतं आणि तुमचा मासा लोक खाणार आहेत. सगळं धरून वीस हजारांच्या आत ठेवा आणि ते मागच्या बॅचच्या नफ्यातून काढा. मालवणकडच्या कुणी पाहुण्याने ‘किनाऱ्यावर फुकट मिळतं’ म्हटलं तर तिकडे जाऊ नका. तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

खेळत्या भांडवलाची ओढाताण होत असेल तर एफडीकडे न बघता बँकेत किसान क्रेडिट कार्ड मागा. मत्स्यपालनालाही ते मिळतं आणि वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांपर्यंत उतरतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणून प्राप्तिकर माफ झाला असं कुणी सांगेल तर ऐकू नका. तो केंद्राचा कायदा आहे आणि त्यात मत्स्यपालनाचं उत्पन्न शेतीचं धरत नाहीत. तुमची उलाढाल दहा लाखांच्या आत आहे, तेव्हा अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून, प्राप्तिकराचं विवरण भरणं सोपं पडेल. एजन्सीची विक्रीही त्याच उलाढालीत मिळवावी लागली असती.

एफडीची पावती मुलीच्या फीच्या तारखांशी एकदा ताडून बघा. दोन फींच्या तारखांप्रमाणे एफडीचे दोन तुकडे करता आले तर मुदत संपताना ते करून घ्या. आणि त्या प्रतिनिधीला फोन करून २०० किलो पावडर मागा, रोखीने, बॅच क्रमांकाच्या बिलासकट. शेवाळाची जात कुठली, हेही बिलावर लिहून मागा.