केनियातील तुर्काना आणि पोकोट हे शेजारी पशुपालक समाज एकमेकांच्या जिवावर का उठतात?
केवळ दुष्काळ हे उत्तर अपुरे आहे. आमच्या माण, आटपाडी, जत भागातही पाऊस दगा देतो. परंतु इथले मेंढपाळ वाडे, म्हणजे कुटुंबे आणि मेंढरांचे फिरते तळ, घेऊन कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्यात जातात, खतासाठी शेतात मेंढरे बसवल्याबद्दल धान्य वा पैसे घेतात, आणि तंटा झालाच तर तो बहुधा पिकाच्या नुकसानीवरून असतो. वायव्य केनियात गुरे पळवण्याची प्रथा जुनी आहे, आणि वधूमूल्य जनावरांच्या रूपात द्यावे लागत असल्याने तरुणांना त्यांची निकड असते. तरीही खरा फरक बंदुकांनी पाडला: १९७९ मध्ये शेजारच्या युगांडात हुकूमशहा इदी अमीनची सत्ता कोसळताच तिथल्या मोरोटो गावातील लष्करी शस्त्रागार लुटले गेले आणि भाल्यांची जागा स्वयंचलित रायफलींनी घेतली. लुटीची गुरे विकत घेणारे व्यापारी आणि हद्दीचे वाद पेटते ठेवणारे पुढारी यांनी त्यात भरच घातली. मृत्यू, विस्थापन, बंद शाळा हे परिणाम उघड दिसतात. मला अधिक गंभीर वाटते ते हे, की भीतीपोटी सीमेवरची चांगली कुरणे ओस पडतात आणि उरलेल्या कुरणांवर अतिचराई होऊन चाऱ्याची टंचाई आणखी वाढते.