भांडणारे मतदार एका टेबलाशी

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात निवडणुकीचा विषय निघाला की आवाज चढतात. मग विरोधी पक्षांच्या अनोळखी मतदारांना एकत्र बसवून काय साधणार?

उत्तर : मलाही हा भाबडेपणाच वाटायचा. पण सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पाचशेहून अधिक मतदार असे एकत्र बसले. हौसेने आलेले नव्हेत, नमुना पाहणीसारखे निवडलेले. खरी गोम इथेच आहे, नाहीतर बोलघेवडेच गोळा होतात (माझ्यासारखे!). पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स फिश्किन यांची : आधी मतं नोंदवायची, दोन्ही बाजूंची माहिती द्यायची, मग छोट्या गटांत चर्चा, तज्ज्ञांना प्रश्न आणि शेवटी पुन्हा तीच प्रश्नावली. स्थलांतरासारख्या तापलेल्या विषयावरही टोकाच्या प्रस्तावांना असलेला पाठिंबा ओसरला. सगळ्यांचं एकमत झालं असं मात्र नाही, तो हेतूही नव्हता.

छोट्या गटातली चर्चा चालवणारा संचालक स्वतःचं मत सांगत नाही, गप्प बसलेल्याला बोलतं करतो. तुमच्याकडे हे कोण करतं? पुढच्या वेळी पक्षाचं नाव बाजूला ठेवून एकच प्रस्ताव घ्या आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करा.