ट्रायब्युनलच्या दाव्याला उत्तर देण्याची मुदत उलटली असेल तर

आपला प्रश्न असा आहे : इंग्लंडमधील आपल्या उपाहारगृहातील एका माजी कर्मचाऱ्याने एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, दावा केला, त्याची कागदपत्रे कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, म्हणजे जुन्या हिशेबनिसाच्या कार्यालयात पडून राहिली आणि ती आपल्या हाती आली तेव्हा उत्तराची मुदत संपून गेली होती, तर चांगला वकील मिळेपर्यंत थांबावे का? माझे उत्तर आहे की एक दिवसही थांबू नये.

ट्रायब्युनलने दाव्याची प्रत ज्या दिवशी पाठवली, त्या दिवसापासून २८ दिवस मोजले जातात. ती आपल्याला केव्हा मिळाली यावर मुदत ठरत नाही. मुदतीनंतर आलेले उत्तर फेटाळले जाते, मात्र मुदतवाढीचा अर्ज आधीच केलेला असेल किंवा उत्तरासोबत जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नुसता ईटी३ फॉर्म, म्हणजे मालकाने दाव्याला उत्तर देण्याचा अर्ज, घाईघाईने भरून पाठवण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये अपील ट्रायब्युनलपुढे आलेल्या मोरोक विरुद्ध क्रोमी या प्रकरणात उत्तराला अवघ्या ४४ मिनिटांचा उशीर झाला होता, आणि तेवढ्यावरून वाद अपिलापर्यंत गेला.

अर्ज लेखी हवा, त्यात विलंबाचे कारण हवे आणि त्याची प्रत दावेदाराला पाठवलेली हवी. मुदत संपलेली असल्याने त्यासोबत उत्तराचा मसुदा, किंवा मसुदा देणे का शक्य नाही याचा खुलासा, जोडावाच लागतो. दावेदाराला हरकत घेण्यासाठी सात दिवस मिळतात. सुनावणी हवी असेल तर ती अर्जातच मागावी, कारण न्यायाधीश केवळ कागदपत्रांवरून निर्णय देऊ शकतात. नवे नियम ६ जानेवारी २०२५ पासून लागू झाले असले, तरी २०१३ च्या नियमांतील ही पद्धत मुळात तशीच राहिली आहे.

न्यायाधीश काय पाहतात, हे आजही क्विक सेव्ह स्टोअर्स विरुद्ध स्वेन या निकालावरूनच ठरते. विलंब का झाला, मुदतवाढ दिल्यास किंवा नाकारल्यास कोणाचे किती नुकसान होईल आणि बचावात कितपत तथ्य आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र तोलल्या जातात. कारण दुबळे असले म्हणजे अर्ज आपोआप बुडतो असे नाही. मात्र विलंब जितका गंभीर, तितका प्रामाणिक आणि समाधानकारक खुलासा अधिक महत्त्वाचा ठरतो. पत्र हिशेबनिसाकडे कधी पोहोचले, त्यांनी आपल्याला कधी कळवले आणि त्यानंतर आपण काय केले, हे तारखांसह लिहावे आणि त्यांचे ईमेल जोडावेत. ‘काही अपरिहार्य अडचणींमुळे’ असे मोघम वाक्य लिहिल्याने आपली बाजू कमकुवत होते, असे माझे ठाम मत आहे.

तरीही सर्वांत अधिक कष्ट मसुद्यावर घ्यावेत. कर्मचाऱ्याला का काढले, आधी कोणती लेखी ताकीद दिली होती, सुट्टीचा पगार कसा मोजला, हे मुद्द्यागणिक मांडलेले असेल, तर बचाव ऐकून घेण्याजोगा आहे हे न्यायाधीशांना दिसते, आणि बहुधा तिथेच पारडे झुकते. वकील नंतर मिळाला तर उत्तरात दुरुस्ती करण्याची परवानगी मागता येते. उशिरा केलेल्या अर्जातील वाया गेलेले दिवस मात्र आपल्याच खात्यावर जमा होतात.

दरम्यान उत्तराअभावी एकतर्फी निकाल झाला असला, तरी मुदतवाढ मंजूर होताच तो रद्द होतो. ती नाकारली गेली, तर न्यायाधीश परवानगी देतील तेवढ्यापुरताच आपल्याला कामकाजात भाग घेता येतो. २०१८ मध्ये ऑफिस इक्विपमेंट सिस्टिम्स विरुद्ध ह्यूज या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने सांगितले आहे की भरपाई ठरवण्यासाठी स्वतंत्र सुनावणी होत असेल, तर अशा प्रतिवादीलाही सहसा ऐकून घ्यावे. त्यामुळे अर्ज फेटाळला गेला तरी भरपाईच्या आकड्यांवर म्हणणे मांडण्याची परवानगी जरूर मागावी, आणि त्यासाठी पगारपत्रके व हजेरीच्या नोंदी आजच एकत्र करून ठेवाव्यात.