शिक्षकांचा कामाचा ताण मोजायला पीएसएस-१० (माणसाला जाणवणारा ताण मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली) चालेल का? किती गुणांपुढे 'जास्त ताण' धरायचा?

एम.एड.च्या प्रबंधासाठी तालुक्यातल्या जि.प. शिक्षकांचे कमी-मध्यम-जास्त असे गट पाडायचेत, असं तुम्ही लिहिलंय. पाडू नका. कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मूळ पीएसएस मांडली ती तुलनेसाठी, निदानासाठी नव्हे. पीएसएस-१० चे गुण ० ते ४०, आणि 'इथून पुढे जास्त' अशी रेषा कुठेच नाही. ०-१३, १४-२६, २७-४० ही विभागणी प्रबंधाप्रबंधातून उतरवली जाते आणि 'बहुसंख्य शिक्षक मध्यम ताणाखाली' हा निष्कर्ष निघतो. मधला पट्टा एवढा रुंद ठेवल्यावर दुसरं काय निघणार?

शिवाय पीएसएस विचारते गेल्या महिन्याबद्दल, आणि एकूण आयुष्याबद्दल. शाळा उघडल्या उघडल्या जूनमध्ये भरून घेतलीत तर सुट्टीतला ताण मोजाल. घरचं आजारपण, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच गुणांत येतं. म्हणून कामाचे प्रश्न वेगळे जोडा: यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, आधार न जुळणारी मुलं, पोषण आहाराचा हिशोब, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, एका वर्गखोलीत दोन-तीन इयत्ता. प्रत्येकाला दोन रकाने: किती वेळा करावं लागलं आणि किती त्रास झाला. काही कामं रोजची असून त्रासाची नसतात. एकच रकाना ठेवला की हा फरक हरवतो.

आता सर्वात जास्त बिघडणारी गोष्ट. पीएसएस-१० मधले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात (० चे ४, १ चे ३). एखाद्याने डोळे झाकून सगळीकडे ३ वर खूण केली, तर न उलटवता ३० गुण होतात, उलटवून २२. असा कागद मुळात बाजूलाच काढायचा. उलटवायला विसरलात की अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो आणि नेमके हे चार प्रश्न एकूण गुणांशी ऋण सहसंबंध दाखवतात. मग लोक 'प्रश्न आपल्याकडे लागू पडत नाहीत' म्हणून ते गाळून टाकतात!

मराठी भाषांतरात 'ताबा ठेवता आला नाही असं किती वेळा वाटलं?' याला 'कधीच नाही' हे उत्तर आलं की माणूस गोंधळतो. 'हाताबाहेर गेलं असं वाटलं' असं लिहा. पाच-सहा शिक्षकांना मोठ्याने वाचायला लावा. अडखळतात ते वाक्य बदला.

केंद्रप्रमुखांमार्फत लिंक पाठवू नका. साहेबांच्या ग्रुपवर आलेल्या फॉर्मवर कोण खरं लिहील? शिक्षण परिषदेत कोरे लिफाफे वाटा, बंद करून पेटीत टाकायला सांगा. शाळेचं नाव विचारू नका. द्विशिक्षकी शाळेत लिंग आणि सेवेची वर्षं एवढ्यावरही माणूस ओळखू येतो, म्हणून वर्षंसुद्धा गटांत घ्या.

तुमचे मार्गदर्शक गटांच्या तक्त्यासाठी अडून बसले तर सरासरी, प्रमाण विचलन आणि चतुर्थक (गुणांच्या क्रमाने पाडलेले चार समान भाग) द्या. वरच्या चतुर्थकाला 'या नमुन्यातले वरचे' एवढंच म्हणा. त्यांनी श्रीवास्तव-सिंह यांची कामाच्या ताणाची ४६ विधानांची चाचणी सुचवली तरी तीत १८ विधानं उलटी आहेत हे लक्षात ठेवा. कामाने येणारा थकवा (बर्नआउट) मोजायचा असेल तर त्यासाठी मॅस्लॅकची प्रश्नावली वेगळी. ती विकत घ्यावी लागते, आणि तिच्या तीन भागांची बेरीज करायची नसते.